प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. : सोळा महिन्यांनंतर

मी पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे, पट २७. गेल्या वर्षी जुलैमध्ये नोकरी सांभाळून करता येणाऱ्या दोन वर्षांच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. विषय प्राथमिक शिक्षण, त्यातही भर मुलांमधली सर्जनशीलता आणि प्रतिभा जोपासण्यावर. आता सोळा महिने झाले. अनेक शिक्षक मैत्रिणी विचारतात, "घेऊ का गं?" म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्रवेश घेण्याचं कारण आधी सांगते. माझी मुलं पाचवीत गेली की शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायची, म्हणून चौथीपासूनच 'कोणाला बसवायचं' याची चर्चा सुरू व्हायची. नऊ वर्षं मी चार-पाच नावं काढून देत आले. उरलेल्या बावीस जणांबद्दल मला नेमकं काय माहीत आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

पहिलं सत्र जड गेलं. वाचायचं साहित्य बहुतेक इंग्रजीत. सुरुवातीचे दोन महिने एका पानाला अर्धा तास लागायचा. शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि संशोधन पद्धती हे पेपर डी.एड.मध्ये वाचलेल्याच्या पुढे फारसे गेले नाहीत, त्यांच्यावर इथे वेळ घालवत नाही. आठवड्याला आठ-नऊ तास काढावेच लागतात. मी पहाटे साडेचार ते सहा ठरवून घेतले. प्रत्यक्ष वर्ग दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे घरच्यांची साथ नसेल तर अवघड आहे.

खरा अभ्यासक्रम माझ्यासाठी सर्जनशीलतेच्या पेपरपासून सुरू झाला. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणापासून तो सुरू होतो. एकच बरोबर उत्तर शोधणारा अभिसारी विचार आणि एका प्रश्नातून अनेक वाटा काढणारा अपसारी विचार, हा फरक मी डी.एड.ला पाठ केला होता. इथे तो वर्गात करून बघायला लावला. गिलफर्ड यांच्या नावाशी जोडलेला प्रश्न साधा आहे: विटेचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा. उत्तरं मोजायची चार अंगांनी. किती सुचले, किती वेगवेगळ्या जातीचे सुचले, किती दुर्मीळ सुचले आणि किती तपशिलात सुचले.

मी डिसेंबरमध्ये हा प्रश्न वर्गात टाकला. घर, भिंत, चूल, क्रिकेटचा स्टंप आले. मग एका मुलीने सांगितलं, "विठोबाला उभं राहायला." पाठोपाठ निम्मा वर्ग "हो हो, मी पण तेच सांगणार होतो" म्हणत उठला. परदेशी गुणतालिकेत हे उत्तर सापडणं कठीण, म्हणजे दुर्मीळतेचे पूर्ण गुण. माझ्या वर्गात ते भिंतीइतकंच सर्रास. मौलिकता मोजायची ती कुणाच्या तुलनेत, हा प्रश्न मला त्या दुपारी कळला. पुस्तकातली तालिका बाजूला ठेवून मी माझ्याच २७ मुलांच्या उत्तरांवरून नवी केली.

तिसरीतला एक मुलगा मात्र गप्प होता. दिवाळीनंतर मोखाड्याकडून आलेला. आईवडील उचल घेऊन भट्टीवर विटा थापतात, हजारी हिशोबाने. सगळ्यांचं झाल्यावर तो म्हणाला, "बाई, कच्ची का पक्की?"

मी थांबले. तो सांगू लागला, कच्ची पाण्यात विरघळते, तिची परत माती होते, चूल लिंपता येते. पक्की तापवून फडक्यात गुंडाळली की आजीच्या कमरेला शेकायला चालते. अर्धी भाजलेली फोडून भुकटी केली की भांडी घासता येतात. माझ्या तक्त्यात उत्तरांसाठी चार रकाने होते, प्रश्नासाठी एकही नव्हता. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या १९६६ च्या सर्जनशीलतेच्या चाचण्यांबद्दल वाचताना दिसलं, त्यात चित्र बघून प्रश्न विचारायचा एक भागच आहे. मूल काय विचारतं हेही तिथे मोजलं जातं. तो धडा आधी असता तर बरं झालं असतं, असं मी अभिप्रायाच्या अर्जात लिहिलं आहे.

दुसऱ्या सत्रातलं निरीक्षणाचं काम या पदवीतलं सर्वांत मोलाचं. एक मूल निवडायचं, बारा आठवडे बघायचं आणि रोज लिहायचं. अट एकच, विशेषण वापरायचं नाही. 'हुशार', 'चुणचुणीत', 'मंद', 'खोडकर' यातलं काहीही नाही. त्याने काय केलं, किती वेळ केलं, काय म्हणाला, तेवढंच. माझं पहिलं पान परत आलं तेव्हा त्यात अकरा शब्द तांबड्या शाईने खोडलेले होते. नऊ वर्षांत मी मुलांबद्दल असंच लिहीत आणि बोलत आले होते, हे त्या पानावर दिसलं.

मी भट्टीवरच्या त्याच मुलाला निवडलं. घनफळाच्या ओळखीसाठी रिकाम्या काडेपेट्या वाटल्या होत्या. बाकीच्यांनी घट्ट चिकटवून ठोकळे रचले. याने प्रत्येक थरात बोटभर फट ठेवली आणि वरचा थर आडवा टाकला. तास संपला, मधली सुट्टी संपली, तरी तो उठला नाही. "फट नसली तर आच जात नाही, मधल्या विटा कच्च्या राहतात." मी आनंदाने 'सर्जनशील कृती' असं शीर्षक दिलं. मार्गदर्शक बाईंनी समासात लिहिलं, "हे त्याने रोज पाहिलेलं आहे. यात नवीन काय?" मला राग आला होता, कबूल करते. पण प्रश्न बरोबर होता.

उत्तर नवव्या आठवड्यात मिळालं. पोषण आहारानंतर मुलं ताटं धुऊन एकावर एक पालथी ठेवतात, ती ओलीच राहतात, दुसऱ्या दिवशी वास येतो. त्याने एक ताट उभं तिरकं ठेवलं, पुढचं उलट्या बाजूने तिरकं, मध्ये खडा. सगळ्या रांगेतून वारा जाईल अशी मांडणी. कुणी सांगितलं नव्हतं. आचेसाठीची फट त्याने वाऱ्यासाठी वापरली होती. एक दिवसाच्या चाचणीत हे कधीच दिसलं नसतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रेन्झुली यांची १९७८ ची प्रतिभेची तीन वर्तुळं, म्हणजे सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं, मी आधी आकृती म्हणून काढत होते. ती एका मुलात एकत्र आलेली मी त्या ताटांपाशी पाहिली.

आता खटकलेल्या गोष्टी. निरीक्षणाचा पेपर सोडला तर बाकीचे स्वाध्याय नुसते गुण टाकून परत आले. एका स्वाध्यायाला ५२ आणि दुसऱ्याला ७१, का ते समजलं नाही, दोन वेळा मेल करूनही नाही. सर्जनशीलता शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाने असं वागू नये.

दुसरी तक्रार जास्त मनाला लागलेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली, खडे, पानं, शंख-शिंपले हेच साधन केलं. हे सगळं माझ्याच जिल्ह्यात घडलं. साडेतीनशे पानांच्या साहित्यात त्यावर एक परिच्छेद! पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून प्रज्ञावंत मुलांसोबत काम करते आहे, तिचा उल्लेख तळटीपेत. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतः कोसबाडला जाऊन आले आणि तो अर्धा दिवस मला एका पेपरइतका वाटला.

तर घ्यावं का? वर्ग हातात असेल तर जरूर घ्या. मुलं समोर नसताना हा अभ्यास कोरडा जाईल. पदोन्नतीसाठी पदवी हवी असेल तर कमी श्रमाचे मार्ग आहेत.

मे महिन्यात भट्टी बंद झाली. स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड देतो, त्यावर मोजकीच माहिती मावते. मी त्याच्या कार्डाला निरीक्षणाची दोन पानं टाचून दिली. जूनमध्ये त्याच्या गावच्या गुरुजींचा फोन आला, "मॅडम, याचा नमुना पाठवा, आम्हीही भरू." मी म्हटलं, "सर, नमुना नाही. दिसेल ते लिहायचं, विशेषण टाळायचं." ऑगस्टमध्ये त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. शाळेच्या पडवीत पत्रा गळतो. त्याने खाली फुटकी कौलं उतरती मांडून पाणी दारातल्या जास्वंदीपर्यंत नेलं, दोनदा मोडून तिसऱ्यांदा. वेळ ४० मिनिटं.