दाढेवरची झिर्कोनिया कॅप : सात महिन्यांच्या वापरानंतर

रूट कॅनाल केलेल्या खालच्या दाढेवरची ही झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या टणक सिरॅमिकची, कॅप सात महिने रोजच्या वापरात आहे. चावायला दणकट, चकाकी तशीच, रंगही शेजारच्या दाताला जुळणारा. कॅपबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती निगा राखायच्या सूचनांबद्दल. सगळा भर ‘कडक खाऊ नका’ यावर, आणि जपायची खरी जागा मात्र कुणी दाखवत नाही. ती जागा म्हणजे हिरडीलगतचा काठ, जिथे कॅप संपते आणि मूळ दात सुरू होतो. कॅप किडत नाही, खालचा दात किडतो, आणि कीड बहुधा या काठातूनच शिरते. रूट कॅनाल झालेल्या दाताची नस काढलेली असते, त्यामुळे कीड लागली तरी ठणका लागत नाही. कॅप हलायला लागल्यावरच कळतं, आणि तोवर आत धरायला दात फारसा उरलेला नसतो.

कॅप बसवल्याच्या पहिल्या दिवसाचं थोडक्यात. बधिरपणा उतरेपर्यंत काही चावायचं नाही, नाहीतर गाल किंवा जीभ चावली जाते. कॅप चिकटवायचं सिमेंट काही मिनिटांत धरतं, पण ग्लास आयनोमर जातीच्या सिमेंटला पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. तेवढा वेळ चिकट आणि कडक टाळावं. कोणतं सिमेंट वापरलंय ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

चाव, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात ते, मात्र गांभीर्यानं घ्या. तोंड बधिर असताना कार्बन पेपर चावून केलेली तपासणी फसवू शकते. दुसऱ्या दिवशी दात मिटताना कॅप बाकीच्या दातांआधी टेकत असेल, तर ‘होईल सवय’ म्हणून थांबू नका. नस नसली तरी मुळाभोवतीचे तंतू जिवंत असतात. सततच्या दाबानं ते सुजतात आणि चावताना कळ येते. वरचा दातही दुखायला लागतो. उंच भाग घासून काढणं काही मिनिटांचं काम आहे. घासल्यावर पॉलिश करायला मात्र आवर्जून सांगा, कारण खरखरीत झिर्कोनिया समोरचा दात झिजवतो.

आता फ्लॉस, म्हणजे दातांमधल्या फटी साफ करायचा दोरा. सात महिन्यांत सगळ्यात उपयोगी ठरलेली वस्तू हीच, त्यातही मेणाचा. साधारण ४५ सेंटीमीटर दोरा दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा आणि मध्ये दोन-तीन सेंटीमीटर ताणलेला ठेवायचा. करवतीसारखा हलवत फटीत उतरवायचा. खटकन दाबला तर हिरडी कापते. मग कॅपच्या अंगाला ‘सी’ आकारात लपेटून हिरडीच्या किंचित आतून वर-खाली चार-पाच वेळा. तात्पुरती कॅप असेल तर दोरा वर ओढू नका, एक टोक सोडून बाजूनं काढा, नाहीतर कॅपच हातात येते.

हाच दोरा बिघाडही दाखवतो. दर वेळी एकाच जागी तुटत किंवा पिंजारत असेल, तर तिथे सिमेंट उरलंय किंवा काठ बाहेर आलाय. अजिबात अडथळा न होता आत घसरत असेल आणि तिथे अन्न अडकत असेल, तर शेजारच्या दाताशी संपर्क ढिला राहिलाय. सुरुवातीला थोडं रक्त येणं समजण्यासारखं आहे. रोज नीट साफ करूनही दोन आठवड्यांनंतर येत असेल, तर दाखवायला जा.

वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याची बारीक धार मारणारं यंत्र, अडकलेले कण छान धुऊन काढतं, पण दाताला चिकटलेला थर त्यानं पुरता निघत नाही, म्हणून फ्लॉसला पर्याय नाही. ब्रश मऊ, ४५ अंशांत हिरडीकडे तिरका. पेस्ट १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची. कोळशाच्या पेस्ट टाळा. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर कॅपचा रंग निवडायच्या आधी, कारण कॅपवर ब्लीच चालत नाही.

रात्री दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड (झोपताना दातांवर चढवायचं आवरण) कॅप बसवल्यानंतर बनवावा, जुना नीट बसत नाही. तो गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं वाकतो.

कॅप निघाली तर डबीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जा. उशीर झाला की शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप परत बसत नाही. घरातला गोंद लावू नका, आणि सुटी कॅप दातावर ठेवून झोपू नका, ती गिळली जाऊ शकते किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते.

तपासणीला एक्स-रे काढतात तेव्हा झिर्कोनिया पांढराशुभ्र दिसतो आणि त्याच्या आडचं काही दिसत नाही. दिसतो तो फक्त काठ. डॉक्टरांना तोच दाखवायला सांगा.