घरच्या वजनांचा हिशेब: वही, ॲप की एक्सेल शीट?

सोलापुरात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत रॉड-प्लेटा मांडून व्यायाम करणारे आता गल्लोगल्ली दिसतात. सामान आणलं की पुढचा प्रश्न येतो: आज किती वजन लावायचं, पुढच्या आठवड्यात किती, आणि हे लिहायचं कुठे? वही, ॲप आणि शीट असे तीन मार्ग आहेत. माझा कल शीटकडे आहे, पण सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून तिच्याच मागे लागावं असं मला वाटत नाही.

नुकती सुरुवात केली असेल तर वहीच घ्या. सुरुवातीचे काही महिने दर खेपेला थोडं वजन वाढत जातं, त्याला सूत्र कशाला हवं? तारीख, व्यायाम, वजन, सेट, रेप एवढं एका ओळीत मावतं (रेप म्हणजे व्यायामाची एक पूर्ण हालचाल, सेट म्हणजे सलग केलेल्या रेपची एक फेरी). शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो. घामेजल्या बोटांना फोनची स्क्रीन दाद देत नाही, पेन्सिल देते. वहीची अडचण पुढे येते. मागच्या दिवाळीला स्क्वॅट किती होता हे शोधायला पानं उलटत बसावं लागतं, आणि पुढच्या महिन्याचा आराखडा दर वेळी हातानं मांडावा लागतो.

ॲपचं थोडक्यात सांगतो. टायमर, आलेख, आयता कार्यक्रम सगळं तयार मिळतं, ज्याला आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यानं खुशाल घ्यावं. पण बरीचशी ॲप जिममधला २० किलोचा बार आणि सगळ्या मापांच्या प्लेटा गृहीत धरून चालतात. काहींत ते बदलता येतं, पण काही वेळा त्यासाठी पैसे भरावे लागतात.

घरचं सामान तसं नसतं, आणि शीटचं खरं काम इथंच सुरू होतं. घरी बहुधा २८ मिलिमीटरचा पाच फुटी रॉड असतो. भरीव लोखंडी सळईचं वजन काढायचं बांधकामावरचं सूत्र इथंही चालतं: जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ नं भागा, म्हणजे मीटरला किती किलो ते कळतं. त्याला मीटरमधल्या लांबीनं गुणलं की या रॉडचं उत्तर साधारण ७.४ किलो येतं. तरीही रॉड आणि प्रत्येक प्लेट एकदा काट्यावर ठेवाच, कारण स्वस्तातल्या ओतीव प्लेटांवर छापलेला आकडा आणि खरं वजन नेहमी जुळत नाही. काट्यावरचे आकडे शीटमध्ये एका कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा.

आता उदाहरण घेऊ. बेंच प्रेसला (बाकावर पाठीवर पडून छातीवरून वजन ढकलणं) रॉडच्या वजनासकट ५७.४ किलोचे ५ रेप निघाले. एपलीच्या सूत्राप्रमाणे रेप भागिले ३०, त्यात १ मिळवा आणि वजनानं गुणा. एका रेपची अंदाजे कमाल ६७ किलो येते. (दहाच्या आतल्या रेपसाठीच हा अंदाज वापरावा.) आज त्या कमालीच्या ८० टक्के वजन करायचं आहे, म्हणजे ५३.६. त्यातून रॉड वजा केला की उरतात ४६.२. तुमची सगळ्यात छोटी जोडी अडीच-अडीचची असेल तर वजन पाचाच्याच टप्प्यानं वाढणार, म्हणून आकडा खालच्या टप्प्यावर आणणारं शीटमधलं फ्लोअर हे फंक्शन त्याचे ४५ करतं. एका बाजूला साडेबावीस: दोन दहाच्या, एक अडीचची. रॉड आधी वजा करायला विसरलात तर हा हिशेब तुमच्या प्लेटांशी जुळणार नाही. सूत्र एकदा बसवलं की पुढे फक्त रेप आणि वजन भरायचं.

पाचाचा हा टप्पा सगळ्या व्यायामांना सारखा जड जात नाही. डेडलिफ्टला (जमिनीवरून रॉड उचलून उभं राहणं) ७७.४ वरून ८२.४ म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढ, ती झेपते. खांद्याच्या प्रेसला मात्र ३२.४ वरून ३७.४ म्हणजे पंधरा टक्क्यांची उडी, आणि घरी एकटं असताना तिथंच गडी अडतो. त्यावर उपाय असा की आधी त्याच वजनावर रेप आठवरून बारापर्यंत न्यायचे, तिन्ही सेटना बारा निघाले की मगच वजन वाढवून पुन्हा आठवर यायचं. शीटमध्ये ही अट इफ या 'असं असेल तर तसं' सांगणाऱ्या एका सूत्रात बसते. सव्वा किलोची एक जोडी मिळाली तर ती जरूर घ्या, टप्पा निम्म्यावर येतो. शीटमध्ये तेवढा एकच आकडा बदलावा लागतो.

शीटचा तोटा उघड आहे: फोनवर रकाने बारीक दिसतात, आणि सेटच्या मधे बोट भलत्या रकान्यावर पडून सूत्र पुसलं जाऊ शकतं. म्हणून सूत्रांचे रकाने लॉक करा, गूगल शीट्स वापरत असाल तर फाइल ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा, आणि व्यायाम चालू असताना कागदावर टिपून रात्री निवांत भरा. कुठला वेळ, सकाळ की संध्याकाळ, याचाही एक रकाना ठेवा. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखालचे संध्याकाळचे आकडे पहाटेच्या आकड्यांशी लावून पाहिले, तर ताकद घटली की नुसता उकाडा नडला हे समजायला मदत होते.

खाड्यासाठीही एक रकाना हवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं आणि व्यायामात आठ-दहा दिवस खाडा पडतो. त्या रकान्यात ०.९ भरलं की सगळी वजनं दहा टक्क्यांनी खाली येतात आणि आधीच्या टप्प्यावर आठवडाभरात परतता येतं. वहीत हेच करायचं तर सगळी पानं नव्यानं लिहावी लागतात.