मामाचा स्लॉट कार ट्रॅक: साफसफाईनंतरचे आठ महिने

देवळाली कॅम्पात मामाच्या माळ्यावर स्केलेक्स्ट्रिकचा, म्हणजे खाचेतून धावणाऱ्या विजेच्या खेळण्यातल्या गाड्यांचा, जुना सेट गोणपाटात गुंडाळून पडला होता. सरळ तुकडे चौदा, वळणाचे सोळा, दोन गाड्या, दोन हँड कंट्रोलर. मामी म्हणाली, "ने बाबा, नाहीतर भंगारवाल्याला देते." एप्रिलमध्ये आणला, आता डिसेंबर उजाडलाय. जोडल्यावर साधारण साडेआठ मीटरची फेरी होते आणि आमचा हॉल जेमतेम पुरतो. आठ महिने चालवल्यावर काय टिकलं आणि मी काय वाट लावली ते लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्रेड फ्रान्सिसची 'स्केलेक्स' नावाची स्प्रिंगवर चालणारी पत्र्याची गाडी होती. १९५७ मध्ये तिला वीज जोडली आणि 'स्केलेक्स्ट्रिक' नाव झालं. ट्रॅकच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पोलादी रूळ असतात. गाडीच्या पोटाखालच्या तांब्याच्या दोन वेण्या त्यांवर घासतात आणि मोटारीला १२ व्होल्ट मिळतात. माझा ट्रॅक जुन्या, क्लासिक जोडणीचा आहे. कंपनीचे नंतर आलेले 'स्पोर्ट' जोडणीचे तुकडे त्याला थेट बसत नाहीत, मधे अ‍ॅडॉप्टरचा तुकडा लागतो. वाढवायचा विचार असेल तर हे आधीच तपासा.

आधी चुका सांगतो. साबणाच्या कोमट पाण्यात तुकडे धुतले, इथवर ठीक. मग वाळायला गच्चीवर ठेवून आंघोळीला गेलो. नाशिकचं एप्रिलचं ऊन, काळं प्लास्टिक. परत आलो तर दोन सरळ तुकड्यांना पापडासारखा बाक आलेला. फरशीखाली दाबून आठवडाभर ठेवले. एक सरळ झाला, दुसरा आजही टोकाला उचलतो. धुवायचेच असतील तर पंख्याखाली वाळवा आणि उलटे ठेवा, कारण खालच्या पोकळीत पाणी साचून रूळ आतून गंजतात.

दुसरी चूक महागात पडली. रूळ तपकिरी दिसत होते म्हणून सहा तुकडे पॉलिश पेपरने घासले. काय चकाकले! मोबाइलवर फोटो काढून मामाला पाठवले. पण रुळावर पातळ मुलामा असतो आणि तोच मी उतरवला होता. जुलैत दोन आठवडे पावसाची झड लागली, ट्रॅक तसाच मांडलेला राहिला, आणि त्याच सहा तुकड्यांवर तांबूस पुळ्या उठल्या. बाकीच्यांवर डाग नाही.

तारेचा घासणीचा गोळाही हातात घेतला होता. अंबडला मोटार वाइंडिंग करणारा एक मित्र नेमका घरी आला आणि त्याने तो काढून घेतला. म्हणाला, "त्याचा भुगा मोटारीतल्या लोहचुंबकाला जाऊन चिकटेल, मग बस शोधत शॉर्ट कुठे होतंय ते." थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, प्लास्टिक विरघळू शकतं. रॉकेलने काळं निघतं खरं, पण तेलकट थर राहतो आणि वळणावर गाडी साबणावरून घसरल्यासारखी जाते.

मग चाललं काय? आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शाईचा खोडरबर, तो अर्धा गुलाबी अर्धा निळा असतो ना, त्याची निळी बाजू. रुळाच्या लांबीच्या दिशेने हलका हात चालवायचा, भुगा ब्रशने झटकायचा, मग अल्कोहोलने ओल्या केलेल्या सुती चिंधीने पुसायचं. पहिली चिंधी काळी, दुसरी करडी, तिसरी स्वच्छ. अर्ध्या लिटरची बाटली अजून निम्मी आहे. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

पण एवढं करूनही लांबच्या वळणावर गाडी दमा झाल्यासारखी चालायची. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला तर सगळीकडे पावणेबारा, बारा व्होल्ट! डोकं खाजवत बसलो. मित्रानेच सांगितलं की भार नसताना, म्हणजे वीज खाणारं काही जोडलेलं नसताना, मोजून काही कळत नाही. स्कूटरच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब आणला, दोन तारा सोल्डर केल्या आणि एकेका तुकड्याच्या रुळांवर टेकवत गेलो. पुरवठ्याजवळ लख्ख प्रकाश, पुढे प्रत्येक जोडावर थोडा मंद, आणि समोरच्या टोकाला निम्म्याहून मंद, पिवळसर उजेड. बल्ब पेटता ठेवून मोजलं, ९.१ व्होल्ट.

म्हणजे आपण रूळ चमकवत बसलो आणि वीज अडत होती सांध्यांत. रुळाच्या टोकाची जीभ शेजारच्या तुकड्याच्या घडीत बसते. तिथे घाण होती आणि पकडही सैल झाली होती. काडीला कापूस गुंडाळून प्रत्येक सांधा पुसला आणि टोकदार पक्कडीने घडी किंचित दाबली. किंचितच. जास्त दाबली की तुकडा आत जात नाही आणि जोर लावला तर प्लास्टिकचा कान तुटतो (एक तुटला). शिवाय पुरवठ्यापासून समोरच्या टोकापर्यंत खालून जादा तारा ओढल्या, दोन लेनच्या मिळून चार. आता तिथे ११.३ मिळतात. एका रविवारचं काम, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. मी हेच आधी करायला हवं होतं.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरचं वेष्टण तडकलं होतं, म्हणून तो बाद केला आणि एम. जी. रोडवरून सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर आणला. तारा उलट जोडल्या गेल्या आणि गाडी सुसाट मागे पळाली. लेकीला तोच प्रकार जास्त आवडला.

वेण्या इथे मिळाल्या नाहीत. सोल्डर उपसायची तांब्याची वात मिळते, ती अल्कोहोलमध्ये बुडवून त्यातला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला राळेसारखा लेप) धुतला आणि कापून लावली. चालते, पण जरा ताठ आहे. दोन महिन्यांत टोकं झिजली, बदलावी लागली. टायर दगड झाले होते. अल्कोहोलने पुसून चिकटपट्टीवर फिरवले की तासभर पकड मिळते, मग पुन्हा तेच. मामाच्या गाड्यांना खाली रुळाला धरून ठेवणारा लोहचुंबक नाही, त्यामुळे धुळीचा एक केसही वळणावर जाणवतो.

रोजची निगा म्हणाल तर खेळण्याआधी कोरडं फडकं आणि महिन्यातून एकदा अल्कोहोल. गणपतीत पाहुणे होते म्हणून तुकडे सुटे करून प्लास्टिकच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवले होते. पंधरा दिवसांनी जसेच्या तसे निघाले. सगळा खर्च मल्टिमीटर धरून बाराशेच्या आत आला.

पॉलिश पेपर लावलेल्या सहा तुकड्यांना खालून लाल मार्करचा ठिपका केलाय. ते आता दाराजवळच्या सरळ भागात येतील असे लावतो, म्हणजे जाता येता नजर पडते आणि पुळ्या दिसल्या की लगेच खोडरबर घेता येतो.