तलवारीची लेझर करायची, की सरळ स्टारफाइंडर घ्यायचा?

डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा फाशांचा खेळ) पाचवी आवृत्ती घरात असली की अवकाशातल्या खेळासाठी स्टारफाइंडरसारखं नवं पुस्तक कशाला, असं वाटतंच. खेळ चालवणाऱ्यासाठीच्या 2014च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये लेझर पिस्तूलसुद्धा आहे. पण त्याचं नुकसान 3डी6 (सहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज), लांब तलवारीचं 1डी8 (आठ बाजूंचा एकच फासा). पहिल्या लेव्हलचा जादूगार एकाच फटक्यात आडवा! मी पिस्तूल 1डी10वर आणलं, फायरबॉल या मंत्राला ग्रेनेड म्हटलं, आणि तासाभरात खेळ सुरू. कुणालाच नवे नियम शिकावे लागले नाहीत. मग यानांची लढाई आली, आणि सगळे पायलटच्या फाशाकडे बघत बसले.

पायझो कंपनीच्या स्टारफाइंडरने 2017च्या पहिल्याच आवृत्तीत यावर तोड काढली होती: कॅप्टन, पायलट, इंजिनिअर, गनर, सायन्स ऑफिसर, प्रत्येकाच्या हाताला काम. त्या आवृत्तीत आर्मर क्लासही (फटका लागायला फाशावर गाठावा लागणारा आकडा) दोन होते: लेझरसाठी एक, गोळी-चाकूसाठी दुसरा. हिशेब मात्र वाढायचा, आणि बंदुकांच्या याद्या म्हणजे किराणा दुकानाची वहीच.

दोन-तीन बैठकांपुरतं असेल तर मी घरचं डी अँड डीच ठोकून-ठाकून वापरेन. वर्षभराची मोहीम, तीही बरीचशी यानातच, तर स्टारफाइंडर.