न्यूट्रलला खडखड, क्लच दाबला की गप्प: फ्लायव्हील बदलून काही महिने झाल्यावरचा अनुभव

गाडी डिझेल हॅचबॅक, लाखाच्या पुढे चाललेली. पावसाळ्याआधी ड्युअल मास फ्लायव्हीलसकट (इंजिन आणि क्लचच्या मधलं दोन भागांचं जड चाक) अख्खा क्लच बदलला, आता थंडी संपत आलीये आणि मधल्या काळात शहरातलं ट्रॅफिक, हायवे, आंबा घाट सगळं झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण असल्या आवाजावर लोकांना सरळ गिअरबॉक्स खोलायला सांगतात आणि पैसे भलतीकडेच जातात.

आवाज असा होता की इंजिन गरम झालं, सिग्नलला न्यूट्रल केलं, क्लचवरचा पाय काढला की खालून खडखड सुरू, एसी लावला की अजून वाढायची, आणि क्लच दाबला की लगेच बंद. पहिल्या गॅरेजमध्ये दोन मिनिटं ऐकून सांगितलं, इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा) बेअरिंग गेलंय, बॉक्स उघडावा लागेल. आता पाय वर असताना क्लच प्लेटबरोबर इनपुट शाफ्ट फिरतो आणि क्लच दाबला की थांबतो हे खरंच आहे, त्यामुळे बेअरिंगचा संशय येणारच. पण तेवढ्यावर बॉक्स खोलायचा नसतो.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी काय केलं तर उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून आरपीएम ८०० वरून १२०० च्या आसपास नेला. खडखड पूर्ण गायब! बेअरिंग गेलेलं असतं तर आवाज गेला नसता, रेसबरोबर त्याची घूंघूं चढत गेली असती आणि गाडी पळतानाही ऐकू आली असती. मग त्यांनी इंजिन बंद केलं, तर थांबता थांबता खाड्कन एक दणका बसला. तिथेच ते म्हणाले, "फ्लायव्हील बघू आधी, बॉक्सला हात नको."

कारण समजून घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ धक्के. ड्युअल मासमध्ये दोन चकत्या आणि मध्ये लांब वाकड्या स्प्रिंग असतात, त्या हे धक्के गिळतात. त्या थकल्या की धक्के बॉक्समध्ये जातात आणि मोकळ्या फिरणाऱ्या गिअरचे दात एकमेकांवर आपटायला लागतात, बॉक्स ठणठणीत असला तरी. तुमच्याकडे उलटं असेल, म्हणजे क्लच दाबल्यावरच घरघर येत असेल, तर संशय आधी रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) घ्या.

बॉक्स उतरवल्यावर मी स्वतः बघितलं, फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग पडलेले, कडेने काळं ग्रीस बाहेर येऊन बेलहाउसिंगच्या (क्लचवरचं कव्हर) आतल्या बाजूला शिंतोडे उडालेले, आणि बाहेरची चकती हाताने हलवली तर डुगडुगत होती. थोडी फिरते ती फिरायलाच हवी, किती ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, पण असं डुगडुगणं बरोबर नाही.

साधं सिंगल मास (एकाच भागाचं, स्प्रिंग नसलेलं फ्लायव्हील) टाका, स्वस्तात होईल, असंही एकाने सुचवलं होतं. मी ठाम नको म्हटलं. डिझेलला ते टाकलं की धक्के सांभाळायचं काम एकट्या क्लच प्लेटच्या स्प्रिंगवर येतं, आणि ज्या खडखडीसाठी बॉक्स उतरवला तीच परत मागे लागू शकते. फ्लायव्हील क्लच सेटपेक्षा महाग पडलं, पण क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलून घेतलं कारण खरं लेबर बॉक्स उतरवण्याचंच असतं, ते दोनदा कशाला द्यायचं. माझ्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या ऑइल प्रेशरने बेअरिंग ढकलणारा) आत बेअरिंगसोबतच येतो, तोही नवीन, आणि डॉट ४ फ्लुइड घालून ब्लीडिंग केलं, म्हणजे लाइनमधली हवा काढली.

आता इतक्या महिन्यांनी न्यूट्रल शांत आहे, बंद करताना दणका नाही, पेडल हलकं झालंय, घाटात चढावर थांबून परत उचलताना गाडी थरथरत नाही. मध्ये एकदा २००० आरपीएमला पत्र्यासारखी किणकिण आली तेव्हा पोटात गोळा आला होता, पण तो सायलेन्सरवरचा हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) निघाला, होज क्लिप आवळून काम झालं. चौथ्या-पाचव्यात गाडी रडवत ओढणं पूर्ण बंद केलंय, आरपीएम १५०० च्या खाली गेला की गिअर उतरवतो, कारण कमी आरपीएमवर जोर लावला की त्या स्प्रिंगांवरच मार बसतो. गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं जीएल-४ च घातलं, दुकानदार जीएल-५ देत होता पण ते काही बॉक्सच्या पितळी सिंक्रोला (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) मानवत नाही. सध्या तक्रार एकच, थंडीत सकाळी दुसरा गिअर पहिल्या एकदोन चौकांपर्यंत जरा अडतो, ऑइल गरम झालं की सुटतो.