गॅलॅक्सी टॅब ए ९ : छोट्या टॅबलेटवरचे मराठी वाचन

सॅमसंगने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात आणलेला गॅलॅक्सी टॅब ए ९ हा ८.७ इंची पडद्याचा टॅबलेट आहे. बाजारात आला तेव्हा केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आवृत्तीची किंमत १२,९९९ रुपये आणि सिमकार्ड घेणाऱ्या एलटीई आवृत्तीची १५,९९९ रुपये होती. या आकाराचे अँड्रॉइड टॅबलेट आता मोजकेच राहिले आहेत. बहुतेक कंपन्या दहा-अकरा इंचांकडे वळल्यामुळे एका हातात धरून वाचता येईल असे उपकरण शोधणाऱ्याला फिरून याच नावापाशी यावे लागते. माझा वापर मुख्यतः मराठी वाचनाचा आहे : पुस्तकांच्या पीडीएफ, शासन निर्णय, मराठी विश्वकोशातील नोंदी. हे परीक्षणही त्याच अंगाने केले आहे.

आधी देहयष्टी. लांबी २११ मिलिमीटर, रुंदी सुमारे १२५ मिलिमीटर, जाडी ८ मिलिमीटर आणि वजन ३३२ ग्रॅम. पाठ धातूची असून कडा पुरेशा गोलसर आहेत, त्यामुळे बराच वेळ धरूनही तळहाताला काच होत नाही. उभा धरल्यावर दोन्ही अंगठे कीबोर्डच्या मध्यापर्यंत सहज पोहोचतात आणि मराठीत टंकन करताना याचा खरा लाभ होतो. कारण जोडाक्षरांसाठी हलन्त, मात्रा, अनुस्वार अशा कळा सारख्या लागतात आणि मोठ्या टॅबलेटवर त्यासाठी हात हलवावा लागतो. हेडफोनची ३.५ मिलिमीटरची जागा कायम ठेवली आहे, ध्वनिवर्धक दोन आहेत आणि मायक्रोएसडी कार्ड १ टीबीपर्यंतचे चालते. बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय मात्र दिलेली नाही.

प्रोसेसर मीडियाटेकचा हेलिओ जी ९९ आहे. सहा नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर बनलेल्या या चिपमध्ये कॉर्टेक्स-ए ७६ प्रकारचे दोन वेगवान आणि कॉर्टेक्स-ए ५५ प्रकारचे सहा काटकसरी गाभे (आकडेमोड करणारे भाग) आहेत. याच मालिकेतील २०२१ च्या टॅब ए ७ लाइटमध्ये आठही गाभे जुन्या कॉर्टेक्स-ए ५३ प्रकारचे होते आणि जड पीडीएफ उलटताना हा फरक ठळकपणे जाणवतो. छापील पाने स्कॅन करून केलेल्या, शेकडो पानांच्या फायलीत थेट मधल्या पानावर उडी घेतली तरी पान चटकन उमटते. भारतात मिळणाऱ्या मूळ आवृत्तीतील ४ जीबी रॅम एका वेळी एक काम करायला पुरते. पण ब्राउझरमध्ये पाच-सहा पाने उघडी ठेवून शब्दकोश आणि पीडीएफ यांच्यात ये-जा केली, की मागे गेलेली पाने पुन्हा लोड होऊ लागतात. साठवणूक ६४ जीबी असून त्यातला बराच भाग प्रणालीनेच व्यापलेला असल्यामुळे पुस्तके पहिल्यापासून मेमरी कार्डावर ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पडदा. त्याचे रिझोल्यूशन १३४० बाय ८०० पिक्सेल आहे, ८.७ इंचांत ते पसरले की दर इंचाला साधारण १७९ पिक्सेल पडतात. चित्रपट पाहताना हे खटकत नाही आणि इंग्रजी मजकूरही निभावून जातो, पण देवनागरीचे तसे नाही. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा तीन मजली पसारा असतो, आणि तो सगळा रोमन अक्षराइतक्याच उंचीत बसवावा लागतो. उभ्या पडद्याची रुंदी सुमारे सव्वाअकरा सेंटिमीटर भरते. ए ४ आकाराचा शासन निर्णय तिच्यात पूर्ण रुंदीने बसवला, की पान ५४ टक्क्यांवर येते आणि मूळचा ११ पॉइंटचा टंक ६ पॉइंटचा होतो (एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग). त्या ओळीच्या वाट्याला उंचीत जेमतेम १५ पिक्सेल येतात. एवढ्यात ‘वैशिष्ट्यपूर्ण’ या शब्दातील ‘ष्ट्य’ हा काळसर ठिपका होऊन जातो, ‘कर्तृत्व’ संदर्भावरूनच ओळखावे लागते आणि ‘र्कं’सारख्या अक्षरावर रफार व अनुस्वार एकमेकांना चिकटतात. आकडे असलेल्या तक्त्यात तर ‘१’ आणि ‘९’ वेगळे काढण्यासाठी पान मोठे करण्यावाचून गत्यंतर नसते.

टॅबलेट आडवा धरला की परिस्थिती सुधारते. तेच पान मूळ आकाराच्या ९० टक्के दिसते, ओळीला २५ पिक्सेल मिळतात आणि जोडाक्षरे सुटी होतात. मात्र पडद्यावर एका वेळी पानाचा सुमारे ४० टक्केच भाग राहतो, त्यामुळे वरखाली सरकवत वाचावे लागते. परिशिष्टे चाळायची असतील तर हे कंटाळवाणे आहे. सलग वाचनाला चालते.

डेमी आकाराच्या पुस्तकांसाठी मात्र हा पडदा उत्तम आहे, आणि हे मुद्दाम सांगितले पाहिजे. साडेपाच बाय साडेआठ इंचांचे पान उभ्या पडद्यात ८१ टक्क्यांवर संपूर्ण बसते. १३ पॉइंटचा टंक साडेदहा पॉइंटचा दिसतो, ओळीला २६ पिक्सेल मिळतात, आणि वाचन ॲपमध्ये कोरे समास कापून टाकण्याची सोय असेल तर अक्षर जवळजवळ छापील पुस्तकाइतके होते. कथा-कादंबऱ्या, चरित्रे आणि जुन्या ग्रंथांच्या स्कॅन प्रती मी याच पद्धतीने वाचतो. विश्वकोशाचे संकेतस्थळ किंवा ई-पुस्तके यांत अक्षराचा आकार आपल्या हाती असल्यामुळे तिथे तर प्रश्नच येत नाही.

बॅटरी ५,१०० एमएएचची आहे. वाचनाला ती भरपूर पुरते, परंतु चार्जिंग १५ वॅटचेच असल्यामुळे निघण्याच्या घाईत अर्ध्या तासावर भिस्त ठेवू नये. मागचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा असून उजेडात कागदपत्रांची प्रत घेण्याजोगा आहे. पुढचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा व्हिडिओ कॉलपुरताच समजावा.

राहून राहून वाटते ते पिक्सेलबद्दलच. गूगलसाठी आसुसने बनवलेल्या नेक्सस ७ या सात इंची टॅबलेटवर जुलै २०१३ मध्येच १९२० बाय १२०० चा, म्हणजे दर इंचाला ३२३ पिक्सेलचा पडदा होता, आणि अमेरिकेत तो २२९ डॉलरपासून मिळत असे. त्या घनतेवर ६ पॉइंटच्या ओळीलाही २७ पिक्सेल मिळतात. टॅब ए ९ ने प्रोसेसर बदलला, रॅम वाढवली, पण पडद्याचे रिझोल्यूशन ए ७ लाइटचेच ठेवले. त्यानंतर २०२५ मध्ये आलेल्या टॅब ए ११ मध्ये पडदा सेकंदाला ९० वेळा ताजा होऊ लागला, तरी पिक्सेल १३४० बाय ८०० च राहिले. सरकत्या चित्राला त्याने गुळगुळीतपणा येत असेल, पण स्थिर पानावरचे ‘ष्ट्य’ त्याने उलगडत नाही. १९२० बाय १२०० चा पडदा साध्या ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच ताजा होणारा, दिला असता तर हाच टॅबलेट मी ए ४ वाचणाऱ्यांनाही निःशंकपणे घ्यायला सांगितला असता.