कोंबड्या फणसावर, खुराडं रिकामं: ऑनलाइन खुराड्याचा दिवाळी ते श्रावण अनुभव

दिवाळीनंतर मागवलेलं हे लाकडी खुराडं आता श्रावणापर्यंत वापरून झालं. वेंगुर्ल्याकडचं आमचं परसू, मागे काजू-फणस, समुद्र हाकेवर नाही पण खारं वारं रोज घरात. म्हणजे थंडी, मे महिन्यातला घाम आणि पाऊस, तिन्ही या खुराड्याने पाहिलं. बसवल्यावर आठवड्याभरात लिहिलेले पाच ताऱ्यांचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात. त्यांतल्या कोणाच्या कोंबड्या पुढे आत झोपल्या का, हे मात्र कळत नाही. माझ्या शिमग्यापर्यंत झोपल्या.

वस्तू काय आहे ते आधी. पाइनचं लाकूड, वर झोपायची खोली, बाजूला अंड्यांचे दोन कप्पे, खाली जाळीचा मोकळा भाग, चढायला आडव्या पट्ट्यांची फळी आणि विष्ठा साफ करायला ओढायचा पत्र्याचा ट्रे. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच नमुना बऱ्याच नावांनी विकला जातो. जोडणी सोपी, भोकं जुळतात, दिसायला देखणं. पाहुणे आले की आधी त्याचाच फोटो काढतात.

खोक्यावर लिहिलंय ‘दहा कोंबड्यांसाठी’. आतला बसायचा दांडा जेमतेम मीटरभर आहे. एका कोंबडीला दांड्यावर वीस ते पंचवीस सेंटीमीटर जागा लागते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. माझ्याकडे निम्म्या गावठी आणि निम्म्या वनराजा (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली जात, अंगाने जड). थंडीत त्या दाटीवाटीने बसत होत्या आणि तक्रार नव्हती. शिमग्यानंतर आधी एक गावठी फणसावर चढली, मग दुसरी, आणि आठ-दहा दिवसांत गावठी सगळ्या झाडावर. वनराजांना एवढं उंच उडता येत नाही, त्या पडवीत चपलांच्या शेजारी बसायला लागल्या. संध्याकाळी हाकलून आत घातल्या तर दार लावेपर्यंत निम्म्या बाहेर.

यावर गावात उपाय पुष्कळ. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं राखणदाराला नारळ दे. नारळ दिला. शेजारच्या म्हातारीने मात्र कामाचं सांगितलं: “झिला, कोंबडी खुळी नाय. रातीचा जावन भितुर बघ.”

या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्या त्या वाक्यात आहे. आपण खुराडं सकाळी साफ करतो, दुपारी डागडुजी करतो, आणि दिवसा ते ठीकच दिसतं. कोंबडी ते वापरते रात्री. तिने ते सोडलं असेल तर कारणही रात्रीचंच असतं. तेव्हा अंधार पडून दोन तास झाल्यावर बॅटरी घेऊन आत डोकं घालायचं आणि दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवायचं. माझ्या फडक्यावर तांबडे ओघळ उठले.

ही तांबडी माइट. आमच्याकडे सगळ्याच बारीक किड्यांना पिसवा म्हणून मोकळे होतात, पण ही पिसू नव्हे, गोचिडीच्या कुळातली आहे. मोठी झाली तरी मिलिमीटरभर. उपाशी असताना करडी, रक्त प्यायली की लाल. दिवसभर लाकडाच्या फटीत, दांड्याच्या टोकाला, खिळ्यांच्या खाचांत दडून राहते आणि रात्री कोंबडीवर चढते. म्हणूनच दुपारी कोंबडी उचलून पिसं उलटी करून पाहिली तरी काही सापडत नाही, आणि माणूस म्हणतो, कोंबड्या तर स्वच्छ आहेत. उकाड्यात अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या माइटपर्यंतचा फेरा साधारण सात ते दहा दिवसांत पुरा होतो, त्यामुळे फाल्गुनात चिमूटभर असलेली कीड चैत्रात खुराडंभर होते. बाकी लक्षणं मागाहून जुळतात: तुरे फिके पडलेले, अंडी कमी झालेली, एखाद्या अंड्याच्या कवचावर रक्ताचे ठिपके. रात्रभर शेकडो तोंडं रक्त पीत असतील तर मीसुद्धा फणसावर गेलो असतो.

खुराड्याचा पहिला आणि मोठा दोष इथेच आहे. भिंतीला दुहेरी पट्ट्या, कोपऱ्याला खाचा, छपराखाली डांबरी कागदाचा थर आणि दांडा दोन्ही टोकांना स्क्रूने कायमचा आवळलेला. सगळीकडे फटीच फटी. डांबरी कागद उचकटला तेव्हा खालची फळी हलताना दिसली, एवढंच सांगतो.

साफसफाईला मे महिन्याचं ऊन उपयोगी पडलं. भुसा सगळा बाहेर काढून जाळला. दांडे कापून सुटे केले. फटींमध्ये उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस कडक ऊन दिलं आणि मग आतून चुन्याचा दाट हात मारला, सांध्यांत दोनदा. दांड्याची टोकं आता खोबणीत नुसती ठेवलेली असतात आणि त्यांना खाद्यतेल चोपडतो, त्यात किडे चिकटून मरतात. हे सगळं एकदा करून भागत नाही. अंडी उरतात, दोन-तीन दिवसांत फुटतात. म्हणून पाच-सात दिवसांच्या अंतराने तेच काम पुन्हा, सलग काही आठवडे. फवारणीचं औषध पशुवैद्यकांना विचारूनच मारा, आणि त्या काळात अंडी खायची की नाही तेही विचारा. जुनी माणसं रॉकेलचा बोळा फिरवायला सांगतात. बंद लाकडी खोलीत रॉकेलचा वास आणि आगीची भीती, मला ते पटलं नाही. खुराडं रिकामं ठेवून कीड उपाशी मारू म्हणाल, तर ती रक्ताशिवाय काही महिने काढू शकते.

कीड गेली तरी गावठी आत येईनात. दुसरं कारण उष्मा. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, आणि थंड व्हायला ती चोच उघडून धापा टाकते. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर त्या धापांचा उपयोग निम्मा. आपल्याकडे पारा नागपूरसारखा चढत नाही म्हणून फसायला होतं. मेमधली रात्र दमट असते, आणि या खुराड्याला झोपायच्या खोलीत वाऱ्यासाठी तळहाताएवढी एकच खिडकी, तीही एका बाजूला. ज्या देशात बर्फ पडतो तिथल्यासाठी काढलेला हा नमुना आहे, त्याला ऊब धरून ठेवायचीय. मी छपराच्या लगत, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत लांब पट्टे कापले आणि अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोकली. डांबरी कागदाच्या जागी नारळाची झापं घातली. फरक त्याच रात्री जाणवला.

पट्टे कुठल्या दिशेला, हा कोकणात खरा पेच आहे. उन्हाळ्यात वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून हवा. पावसाळ्यात झडही नैर्ऋत्येकडूनच येते. मी पश्चिमेच्या पट्ट्याला वरून बिजागरीची फळी लावली: मृगापर्यंत उघडी, नंतर तिरकी. पूर्वेचा पट्टा बारमाही उघडा. बिजागऱ्या स्टीलच्या घ्या. कंपनीने दिलेल्या खाऱ्या वाऱ्याने होळीपर्यंतच तांबारल्या होत्या, आणि खालची षटकोनी जाळी तर हाताने तुटत होती.

त्या जाळीवरून तिसरं कारण. एकदा रात्री आत काही शिरलं, की कोंबड्या ती जागा विसरत नाहीत. वाडीत खालच्या घरी उदमांजराने एक कोंबडी नेली, त्यांच्या बाकीच्या पुढे कित्येक दिवस दारापाशी येऊन परत फिरायच्या. दोष मुंगसावर घातला जातो, पण मुंगूस दिवसाचं जनावर. रात्रीचं काम उदमांजर, रानमांजर नाहीतर सापाचं. साप बहुधा उंदरांच्या मागे येतो आणि उंदीर सांडलेल्या दाण्याच्या मागे, म्हणून खाद्याचं भांडं रात्री मी घरात आणतो. हल्ला झालेल्या खुराड्यात आधी शिरायची वाट शोधून बुजवा, मगच कोंबड्यांना दोष द्या.

आता पाऊस. जूनमध्ये चढायच्या फळीवर शेवाळ धरलं आणि जड वनराजा घसरून पडायला लागल्या. दोनदा पडलेली कोंबडी तिसऱ्यांदा चढत नाही, खाली चिखलात बसते. फळीवर काथ्याचा दोर गुंडाळला, प्रश्न मिटला. ट्रेचं प्रकरण जास्त वाईट. पत्र्याला बाहेरच्या बाजूने उतार नाही, झडीचं पाणी आत साचतं, ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो वास जमिनीलगत जास्त, आपल्या नाकाच्या उंचीवर कमी. गुडघ्यावर बसून दार उघडा, डोळे चुरचुरले तर समजा कोंबड्यांना रात्रभर तेच. ट्रे काढून टाकला. खोलीचा तळ फळ्यांचा केला, वर चार बोटं भाताचं तूस, आणि ओलं दिसेल तिथलं रोज उचलायचं. पावसात धुळीत लोळायला कोरडी जागा मिळत नाही आणि अंगावरची कीड वाढते, म्हणून पडवीच्या कोपऱ्यात चुलीची राख आणि वाळू घातलेलं घमेलं ठेवलंय. दिवसभर त्यावरून भांडणं चालतात.

छोट्या गोष्टी दोन. अंड्यांचे कप्पे आणि दांडा एकाच उंचीवर आहेत, त्यामुळे कोंबड्या कप्प्यातच झोपून घाण करतात. दांडा कप्प्याहून वर हवा. जड जातीसाठी मात्र फार वर नको, उतरताना पाय दुखावतात. माझा आता दोन फुटांच्या आत आहे. दुसरं म्हणजे, कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. तिन्हीसांजेला बाहेर उजेड आणि खोलीत काळोख असेल तर ती दारात अडखळते. आत मिणमिणता दिवा पंधरा-वीस मिनिटं ठेवला की झालं.

परत सवय लावण्याचं काम साफसफाई आणि दुरुस्तीनंतरच हाती घ्या, नाहीतर तो छळ आहे. संध्याकाळचं खाणं फक्त आत. हाताला येतील त्यांना काळोखात उचलून दांड्यावर ठेवायचं, सकाळी उशिरा सोडायचं. हट्टी असतील तर चार-पाच दिवस खालच्या जाळीच्या भागासकट बंद ठेवायचं, पाणी आणि सावली देऊन. वनराजा लगेच वळल्या. गावठींपैकी बऱ्याच आल्या, दोघी अजून फणसावरच. रानकोंबडीचा वारसा आहे, सगळ्यात उंच फांदी ती सहज सोडत नाही. एका पंखाची पिसं कापायचा सल्ला मिळाला होता, पण परसात मोकळी फिरणारी कोंबडी उडू शकली नाही तर जनावराच्या तोंडी जाईल. त्यापेक्षा फणसावर बसू दे. अंडी त्या दोघीही कप्प्यातच येऊन घालतात.

घ्यावं का? जसं येतं तसं, कोकणासाठी, नाही. मी त्यावर केलेला खर्च आणि श्रम धरले तर गावातल्या सुताराकडून चिऱ्याच्या जोत्यावर, वर कौलं घालून साधं खुराडं स्वस्तात झालं असतं. (चिऱ्याची भिंतही भोकाभोकांची असते, आतून गिलावा करून चुना लावावा लागतो.) शहरात गच्चीवर दोन-तीन कोंबड्या ठेवणाऱ्याला हे चालेल. तरी घेणारच असाल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: दांडा हाताने सुटा होतो का, छप्पर उचलून उन्हात टाकता येतं का, आणि झोपायच्या खोलीला समोरासमोर किती वारा आहे. पहिल्या दोन्हींना नाही म्हणाला तर पुढे बोलू नका. वारा कमी असेल तर करवतीने सोय होते.